बुडणाऱ्या तासिका गृहीत धरून : परदेशी शाळेत शिकवायला जाणाऱ्या खान्देशी शिक्षकांसाठी

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन व्हायला हवे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडचे अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असेही तोच कायदा सांगतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात शिकवलेल्या शिक्षकाला या आकड्यांत आणि प्रत्यक्ष हाती लागणाऱ्या तासांत किती अंतर असते ते सांगावे लागत नाही. ऊन चढू लागले की शाळा सकाळची होते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी निघाली की मुलेही तिच्याबरोबर जातात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात धडगाव-अक्कलकुव्याकडचे वर्ग ओस पडतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर पटावरची मुलेही सातपुडा उतरून जातात.

हाच शिक्षक थायलंड, आखाती देश, मालदीव किंवा इथिओपियात नोकरीला जातो तेव्हा तिथले वेळापत्रक घड्याळासारखे चालत असेल, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात तासिका तिथेही बुडतात. फरक एवढाच की गावात आपल्याला कारण आधी कळते, कारण माणसे ओळखीची असतात. परदेशात सूचना न कळणाऱ्या भाषेत लागते आणि वर्गावर गेल्यावर बाके रिकामी दिसतात. त्यासाठी नियोजन कसे करावे, ते इथे क्रमाने दिले आहे. उदाहरणे मुख्यतः थायलंड आणि आखाती देशांतली आहेत.

पायरी पहिली : मुलाखतीतच विचारून घ्यायचे प्रश्न

पगार, राहण्याची सोय आणि व्हिसा यांची चौकशी सगळेच करतात, वेळापत्रकाची मात्र फारसे कोणी करत नाही. आठवड्याला एकूण किती तासिका, एका वर्गाला किती आणि परीक्षांचे आठवडे कोणते, हे मुलाखतीतच विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, गेल्या सत्रात नियोजित तासिकांपैकी साधारण किती झाल्या? याचे नेमके उत्तर बहुधा मिळत नाही, पण उत्तर देणाऱ्याच्या अडखळण्यावरून अंदाज येतो.

नोकरी एजन्सीमार्फत असेल तर पगार महिन्यावर आहे की झालेल्या तासांवर, हे करारपत्रात वाचून घ्यावे. तासांवर पगार असेल तर क्रीडा सप्ताहात वर्ग झाले नाहीत म्हणून तुमचे पैसे कापले जाणार का? दोन सत्रांमधल्या सुट्टीचे वेतन मिळणार का? बुडालेला तास शनिवारी भरून काढायला लावला तर त्याचा मोबदला आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासनाला परक्या देशात फार थोडी किंमत असते.

पायरी दुसरी : दोन कॅलेंडरे एकावर एक ठेवणे

शाळेने दिलेले कॅलेंडर अपुरे असते, हे धरूनच चालावे. त्याच्या शेजारी त्या देशाच्या सार्वजनिक सुट्ट्यांचे कॅलेंडर ठेवावे आणि दोन्ही मिळून स्वतःचे तिसरे तयार करावे.

थायलंडच्या सरकारी शाळांचे पहिले सत्र 16 मे ते 11 ऑक्टोबर आणि दुसरे 1 नोव्हेंबर ते 1 एप्रिल असे असते. पहिल्या सत्रात 3 जूनला राणीचा वाढदिवस, 28 जुलैला राजाचा वाढदिवस आणि 12 ऑगस्टला मातृदिन येतो. दुसऱ्या सत्रात 5 डिसेंबरचा पितृदिन, 10 डिसेंबरचा संविधान दिन आणि 16 जानेवारीचा शिक्षक दिन असतो. याशिवाय चंद्रावर चालणारे बौद्ध सण आहेत आणि तिथे आपले पंचांग कामी येते. विशाखा बुचा वैशाखी पौर्णिमेला, आसाळ्हा बुचा आषाढी पौर्णिमेला आणि माखा बुचा माघी पौर्णिमेच्या सुमारास येते. मात्र अधिक मास दोन्हीकडे एकाच वर्षी किंवा एकाच महिन्यात येईल असे नाही. 2023 मध्ये आपल्याकडे गुरुपौर्णिमा 3 जुलैला झाली आणि आसाळ्हा बुचा 1 ऑगस्टला आली. म्हणून पंचांगावरून अंदाज बांधावा, पण खात्री तिथल्या कॅलेंडरवरूनच करावी. त्या कॅलेंडरवरचे वर्ष बौद्ध संवतातले असते, म्हणजे आपल्या इसवी सनात 543 मिळवलेले. सूचनेवर 2569 दिसले तर ते 2026 समजावे.

सुट्टी जाहीर नसताना तासिका खाणाऱ्या गोष्टी वेगळ्या शाईने लिहाव्यात. जूनमध्ये, बहुधा गुरुवारी, होणारा वाय ख्रू हा शिक्षकवंदनेचा कार्यक्रम आणि त्याच्या तालमी, रंगांनुसार गट पाडून होणाऱ्या क्रीडास्पर्धा, स्काऊटची शिबिरे, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारच्या बालदिनाआधीचा शुक्रवार, तसेच सहावी, नववी आणि बारावीच्या राष्ट्रीय चाचणीआधीचे सराव वर्ग यांत मिळून जितके तास जातात, तितके सार्वजनिक सुट्ट्यांतही जात नाहीत. हवाही कारण ठरते. जानेवारी 2019 च्या अखेरीस प्रदूषणामुळे बँकॉकमधील चारशेहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

इथिओपियात जाणाऱ्यांनी आधी घड्याळाचा हिशोब पक्का करावा. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे आठ म्हणजे तिथले दोन. तिथले वर्ष तेरा महिन्यांचे असते आणि ते 11 सप्टेंबरला, काही वर्षी 12 सप्टेंबरला सुरू होते. ‘तीन वाजता बैठक’ या निरोपाचा अर्थ सकाळी नऊ की दुपारी तीन, हे विचारण्यात संकोच करू नये.

पायरी तिसरी : हाती येणाऱ्या तासिका मोजणे

सगळे नियोजन या हिशोबावर उभे राहते, म्हणून तो सावकाश करावा. वीज किती तास राहील हे धरूनच आपल्याकडचा केळीवाला पाण्याची पाळी बसवतो. अख्ख्या दिवसाच्या विजेवर तो बाग लावत नाही. तासिकांचेही तसेच करावे.

उदाहरणादाखल वीस आठवड्यांचे सत्र आणि एका वर्गाला आठवड्याला दोन तासिका धरू. कागदावर 40 तासिका झाल्या. सहामाही आणि अंतिम परीक्षेच्या दोन आठवड्यांच्या 4 गेल्या, उरल्या 36. सार्वजनिक सुट्ट्यांत 3 आणि क्रीडा, शिबिर, तालमी यांत 4 गेल्या, उरल्या 29. त्यातून ऐनवेळी रद्द होणाऱ्या, म्हणजे दहात एक या हिशोबाने, 3 वजा केल्या की 26 राहतात. नियोजन या 26 तासिकांचे करावे आणि त्यातही ज्याच्यावाचून पुढचे काही समजणार नाही असा मजकूर पहिल्या 20 मध्ये बसवावा. परक्या शाळेतल्या पहिल्या सत्रात ऐनवेळीची वजावट थोडी जास्तच धरलेली बरी.

हा हिशोब प्रत्येक वर्गाचा वेगळा करावा लागतो. थायलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी शनिवारी किंवा रविवारी आली तर बदली सुट्टी बहुधा सोमवारी देतात, त्यामुळे ज्या वर्गाची तासिका सोमवारी असते तो वर्ष संपेपर्यंत मागे राहतो. सकाळी आठच्या ध्वजवंदनानंतरची भाषणे लांबली की पहिली तासिका अर्धी होते, म्हणून रोज पहिल्या तासिकेला येणाऱ्या वर्गाचेही असेच नुकसान होते. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी 2022 पासून शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला असून शनिवार-रविवार सुट्टी असते. मालदीव, कुवेत आणि ओमानमध्ये मात्र आठवडा रविवारी सुरू होतो आणि शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. वेळापत्रक ठरत असतानाच मुख्याध्यापकांना विनंती करून एकाच वर्गाच्या दोन्ही तासिका सोमवारी किंवा शुक्रवारी पडणार नाहीत एवढे पाहून घ्यावे. सत्र सुरू झाल्यावर असा बदल जवळजवळ अशक्य होतो.

पायरी चौथी : पाठ्यक्रमाची तीन भागांत विभागणी

पोर्शन पुरा करण्याची आपल्याकडची सवय इथे अडचणीची ठरते. मार्चमध्ये रोज दोन धडे उरकून पोर्शन पुरा झाला अशी नोंद करणे आपल्याला जमते, कारण पालक आणि शिकवणीवाले बाकीचे सांभाळतात. परदेशात, विशेषतः मूल दुसऱ्या भाषेत शिकत असताना, असे उरकलेले धडे शिकवले काय आणि न शिकवले काय, सारखेच.

म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वी पाठ्यपुस्तकातील घटकांवर तीन खुणा कराव्यात. पहिली खूण पुढच्या घटकांचा पाया असलेल्या मजकुरावर, दुसरी परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्यावर आणि तिसरी वेळ मिळाल्यास घ्यायच्या मजकुरावर. पहिली खूण असलेले सगळे सत्राच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात संपवावे, कारण सत्राच्या शेवटी तासिका सर्वाधिक बुडतात. कोणते घटक तिसऱ्या खुणेत टाकले याची यादी विभागप्रमुखांना सुरुवातीलाच दाखवून त्यांची संमती घ्यावी. सत्राअखेर दाखवलेली तीच यादी सबब वाटते.

पायरी पाचवी : एका टाचणात तीन पाठ

बी.एड.ला शिकवलेल्या पाठ टाचणात, म्हणजे तासिकेच्या लेखी आराखड्यात, पूर्वज्ञान, प्रस्तावना आणि हेतुकथन यांतच दहा मिनिटे जातात. पन्नास मिनिटांची तासिका प्रत्यक्षात पंधरा मिनिटांची झाली तर मूळ मुद्दा यायच्या आत घंटा होते. यासाठी टाचण उलट क्रमाने लिहावे: पाठाचा गाभा पहिल्या पंधरा मिनिटांत, त्यानंतर सराव आणि विस्तार शेवटी. टाचणाच्या कागदावर 15 आणि 30 मिनिटांच्या जागी आडव्या रेघा माराव्यात. ज्या रेघेवर तास तुटेल तिथे पाठ पूर्ण झालेला असला पाहिजे.

आठवीच्या विज्ञानातला घनतेचा पाठ घेऊ. वर्गात शिरताच पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात एक लोखंडी खिळा आणि त्याहून पुष्कळ मोठा लाकडाचा ठोकळा टाकावा. लहान बुडाला, मोठा तरंगला, असे का, हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू द्यावे. मग वस्तुमान भागिले आकारमान हे सूत्र द्यावे आणि पाण्याची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण 1 ग्रॅम असते हे सांगून एकच गणित सोडवावे : 200 ग्रॅम वस्तुमान आणि 250 घनसेंटिमीटर आकारमान असलेली वस्तू तरंगेल की बुडेल? भागाकार 0.8 येतो, म्हणजे तरंगेल. इथे पहिली रेघ. दुसऱ्या रेघेपर्यंत अशीच चार गणिते वहीत. उरलेल्या वेळात मिठाच्या पाण्यात अंडे तरंगवून दाखवावे आणि कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. पंधरा मिनिटांतच ‘सगळे मैदानावर चला’ असा निरोप आला तरी मूल एक पूर्ण कल्पना घेऊन बाहेर जाते आणि पुढच्या वेळी मागचे उगाळावे लागत नाही.

दोन तासिकांत पसरणारा प्रयोग किंवा गटप्रकल्प सहसा टाळावा. आज आणायला सांगितलेले साहित्य पुढच्या तासिकेला लागणार असेल आणि ती तासिका तीन आठवड्यांनी होणार असेल, तर साहित्य येत नाही. प्रकल्प घ्यायचाच असेल तर साहित्य वर्गातल्या कपाटात ठेवावे.

पायरी सहावी : मागे-पुढे पडलेले वर्ग सांभाळणे

परदेशी शिक्षकाला एकाच इयत्तेच्या पाच-सहा तुकड्या आठवड्यातून एक-दोनदाच भेटतात, त्यामुळे महिन्याभरात एक तुकडी सातव्या पाठावर आणि दुसरी चौथ्यावर असते. कोणाला काय शिकवले हे डोक्यात राहत नाही. रजिस्टरच्या एका दुपानावर डाव्या बाजूला तुकड्या आणि वर पाठांचे क्रमांक लिहावेत. झालेल्या पाठाच्या चौकटीत तारीख, अर्धवट राहिल्यास कितव्या रेघेवर तुटला तो आकडा आणि बुडाल्यास एका शब्दात कारण लिहावे. वर्गातून बाहेर पडण्यापूर्वीच ही नोंद करावी. संध्याकाळी करू म्हटले की राहून जाते.

पुढे गेलेल्या तुकडीला पुढेच नेत राहणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग पडणारी वाट आहे, कारण शेवटी प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच असते. कोणतीही तुकडी सर्वांत मागच्या तुकडीपेक्षा दोन पाठांहून पुढे जाऊ देऊ नये. पुढच्या तुकडीसाठी क्रमाशी संबंध नसलेले पाच-सहा सुटे पाठ तयार ठेवावेत : आलेख वाचणे, शाब्दिक उदाहरणांची उकल, एखादी छोटी कृती, जुन्या प्रश्नपत्रिकेची चर्चा. मागच्या तुकडीला गाठून आणायचे असल्यास दोन पाठांचे पहिले पंधरा-पंधरा मिनिटांचे गाभे एका तासिकेत घेता येतात. टाचणावर रेघा मारलेल्या असल्या तर हे जोडकाम ऐनवेळीही जमते.

पायरी सातवी : बातमी आधी मिळवणे

शाळा कोणतीही असो, उद्या काय होणार हे मुख्याध्यापकांच्या आधी शिपाईमामांना कळते, हा आपल्याकडचा अनुभव परदेशातही खोटा ठरत नाही. कार्यालयातील लिपिक, वर्गशिक्षक आणि ध्वनिक्षेपक लावणारा कर्मचारी यांच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी. जळगावहून नेलेले केळीचे वेफर्स या कामी बरेच उपयोगी पडतात. थायलंडमध्ये सूचना लाईन या ॲपवरच्या गटात थाई भाषेत येतात. त्या गटात स्वतःला घ्यायला सांगावे आणि रोज रात्री सूचनेचे छायाचित्र मोबाईलमधील भाषांतर सुविधेतून पाहावे. तारीख, वेळ आणि इयत्ता एवढे कळले तरी पुरते.

प्रश्न कसा विचारला यावरही बरेच अवलंबून असते. ‘उद्या वर्ग होणार ना?’ असे विचारले की समोरचा माणूस सौजन्याने ‘हो’ म्हणतो. ‘उद्या तिसऱ्या तासिकेला आठवीची मुले कुठे असतील?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळते. मुलांनाही विचारावे. तालमीचे कपडे कधी आणायचे आहेत हे त्यांना पक्के ठाऊक असते.

पायरी आठवी : रमजान, ईद आणि अचानक लागलेली ऑनलाइन शाळा

आखाती देशांत रमजानच्या महिन्यात शाळेची वेळ कमी होते आणि प्रत्येक तासिका आखूड होते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचे नियोजन तसेच्या तसे चालत नाही. एप्रिलमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत तर 2026 चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन वार्षिक परीक्षांच्या तोंडावर आला. अशा वर्षी नवा घटक जानेवारीअखेर थांबवावा आणि रमजानमध्ये फक्त उजळणी ठेवावी. रोजे धरणाऱ्या मुलांसाठी अवघड काम पहिल्या तासिकांत घ्यावे. ईदची सुट्टी चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून तिच्या आगेमागे दोन दिवस चाचणी लावू नये.

एप्रिल 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत विक्रमी पाऊस झाला तेव्हा शाळा रातोरात ऑनलाइन गेल्या. अशा दिवसासाठी प्रत्येक इयत्तेचे दोन ऑनलाइन पाठ आधीच तयार ठेवावेत. ते मोबाईलच्या लहान पडद्यावर वाचता यावेत, कारण एका घरात तीन भावंडे आणि एकच लॅपटॉप ही परिस्थिती दुबईतही असते.

पायरी नववी : गुण लवकर गोळा करणे

अंतर्गत मूल्यमापनाचा भार जास्त असलेल्या शाळेत सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी गुण राखून ठेवणे धोक्याचे असते. एक मोठी चाचणी घेण्यापेक्षा दहा-दहा गुणांच्या पाच छोट्या चाचण्या ठेवाव्यात आणि सत्राच्या मध्यापर्यंत तीन झालेल्या असाव्यात. चाचणीचा दिवस जाहीर करताना ‘येत्या मंगळवारी’ असे न म्हणता ‘सहावा पाठ झाल्यानंतरच्या तासिकेला’ असे सांगावे. तास बुडाला तरी चाचणी आपोआप पुढे सरकते आणि सगळ्या तुकड्यांना सारखाच न्याय मिळतो. परीक्षेला बसण्यासाठी हजेरीची अट असेल तर शाळेच्याच कार्यक्रमाला गेलेल्या मुलाची नोंद गैरहजर अशी करू नये. त्यासाठी वेगळे चिन्ह ठरवून ते वर्गशिक्षकाला सांगून ठेवावे.

पायरी दहावी : मुख्याध्यापकांशी बोलणे

आपल्याला क्रीडा सप्ताह किंवा वंदनेची तालीम म्हणजे वेळ वाया गेल्यासारखी वाटते. त्या शाळेच्या दृष्टीने तेही शिक्षणच असते. गणेशोत्सवातले लेझीम पथक पाहून एखाद्या परदेशी पाहुण्याने अभ्यास बुडाल्याची तक्रार केली तर ती आपल्याला जशी लागेल, तशीच ती त्यांनाही लागते. म्हणून तक्रारीचा सूर टाळून सहामाहीच्या वेळी रजिस्टरमधले दुपान घेऊन जावे आणि पाच मिनिटांत दाखवावे : या तुकडीच्या अठरापैकी अकराच तासिका झाल्या, हे पाठ राहिले, यांपैकी हे दोन वगळू की एक जादा तास द्याल? दोन पर्याय समोर असले की निर्णय लगेच होतो आणि नंतर गुण कमी पडले तर जबाबदारी एकट्या शिक्षकावर येत नाही.

वर्ग रद्द झाल्यावर शिक्षक-कक्षात बसून राहण्यापेक्षा मैदानावर जावे, दोरी ओढण्यात हात लावावा, मुलांची नावे शिकावीत. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात नावे पाठ होण्यासाठी याहून चांगली वेळ मिळत नाही.

सत्र संपल्यावर त्या दुपानाच्या तीन प्रती काढाव्यात. एक विभागप्रमुखांना द्यावी, एक पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी कपाटात ठेवावी आणि एक स्वतःजवळ ठेवून पुढच्या सत्रात ऐनवेळी रद्द होणाऱ्या तासिकांसाठी दहात एक धरायचे की दहात दोन, हे त्यातील नोंदी मोजून ठरवावे.